सोन्याची सुरी कमरेला?

प्रश्न : काका नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागात आमचा काजूचा छोटा धंदा आहे. सीझनला चंदगडला जावं लागतं, कधी चोर्ला उतरून गोव्याकडं, आणि येताना जवळ रोकड असते. दोन वर्षं डीसी (कलेक्टर) ऑफिसला हेलपाटे घातल्यावर आत्ता कुठं .३२ बोअरच्या हत्याराचं लायसन्स हातात आलंय. बेळगावात एक वयस्कर नेमबाज आहेत, ते आपलं जुनं पिस्तूल विकायलेत, स्विस आहे, सिग-हॅमर्ली पी २४०, अख्खं स्टीलचं, साडेतीन लाख म्हणतात. हातात घेऊन बघितलं तर मन भरलं बगा, ट्रिगर म्हणजे लोणी. मित्र म्हणतोय कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर कशाला घेतोस, हे घे, तुझ्या पोराला पण जाईल. रोज कमरेला लावायला चालेल काय? आबांची बारा बोर बंदूक पण माझ्या लायसन्सवर चढवायची आहे, रानडुकरांसाठी.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिलं म्हणजे तुमची आवड चांगली आहे, त्यात वाद नाही. पी २४० हे ज्यांनी वापरलंय ते अजून नाव काढतात, मी स्वतः एकदाच मारलंय, फौजेतनं सुटल्यावर एका रेंजवर, आणि खरं सांगतो, पहिला राउंड मी मारलाच नाही, तो आपसूक गेला. मी अजून श्वास घ्यायलो होतो आणि तिकडं टार्गेटच्या वरच्या मातीत धूळ उडाली. मागे उभे असलेले साहेब नुसते हसले. फौजेच्या जड ट्रिगरवर वाढलेलं बोट हे, त्याला किलोभर ओढीच्या ट्रिगरची सवय नव्हती.

तेच तुम्हाला लोणी वाटायलंय. २५ मीटरच्या सेंटर फायर मॅचमध्ये, म्हणजे मोठ्या बोअरच्या पिस्तुलाच्या नेमबाजीत, ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा लागतो, आणि नेमबाज लोक तो बरोब्बर त्या आकड्यावर आणून ठेवतात, एक ग्रॅम जास्त नको. मॅचमध्ये ते बरोबरच आहे, तिथं माणूस एका जागी उभा, हात स्थिर, नळी टार्गेटकडं, लोड कधी करायचं ते पण रेंज ऑफिसर सांगणार. साध्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर डबल ॲक्शनमध्ये (एकाच ओढीत हॅमर चढतो आणि सुटतो) चार-साडेचार किलो तरी ओढावा लागतो, लोक त्याला शिव्या देतात, खरं चोर्ल्याच्या वळणावर रात्री कोणी गाडी आडवी घातली, हात थरथरायलेत, घाम सुटलाय, त्यावेळी तो जडपणाच तुम्हाला आणि समोरच्याला वाचवतो. समोर चोरच असेल असं कुठंय, पंक्चर झालेला ट्रकवाला पण असू शकतो. शिवाय पी २४० सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे हॅमर (गोळीवर आपटणारा घोडा) आधी चढलेला पाहिजे. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) राउंड घालून हॅमर चढवून, किलोभराचा ट्रिगर घेऊन तुम्ही बोलेरोत चढणार-उतरणार, पोत्यावर वाकणार, सीटबेल्ट लावणार? मला तर ऐकूनच कसंतरी होतं. आणि चेंबर रिकामा ठेवून फिरणार असाल तर वेळेला दोन्ही हात मोकळे लागतात.

आता गोळीचं बघा, हे तुम्हाला विकणाऱ्यांनी सांगितलंय का नाही माहीत नाही. .३२ म्हटलं की आपल्याला वाटतं एकच. पिस्तुलाची .३२ एसीपी वेगळी, कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वेगळी, आणि पी २४० ला लागते ती ह्या लाँगचीच, खरं वॉडकटर. वॉडकटर म्हणजे शिशाची गोळी समोरून सपाट असते आणि केसच्या (पितळी पुंगळीच्या) तोंडाबरोबर आत बसवलेली असते, वरून बघितलं तर छोट्या डबीला झाकण लावल्यासारखी दिसते. कागदावर पंच मारल्यासारखं गोल स्वच्छ भोक पडतं, मार्क मोजायला सोपं, म्हणून ती काढली. पिस्तुलाची मॅगझिन तेवढ्याच लांबीची, राउंड फक्त ५. तुम्ही दुकानातनं रिव्हॉल्व्हरची गोल नाकाची गोळी आणलात तर नाव तेच, केस तेच, खरं नाक पुढं आल्यामुळं ती मॅगझिनमध्ये बसतच नाही. नेमबाजांना त्यांच्या कोट्यातनं गोळी मिळते, तुम्हाला आत्मरक्षणाच्या लायसन्सवर ती कुठनं मिळणार ते आधी बेळगावच्या दुकानात विचारा. साडेतीन लाखाचं हत्यार आणि आत पाच सपाट गोळ्या, त्या पण जपून.

वजन. सव्वा किलोच्या आसपास. एक साधं काम करा, तुमच्याकडं काजूला तोटा नाही, सव्वा किलोची पिशवी बांधा, पट्ट्याला उजव्या बाजूला लटकवा आणि एक दिवस तशीच ठेवा. जांबोटी ते चंदगड जाऊन या, दोन ठिकाणी जेवायला खाली बसा. संध्याकाळी पँट किती वेळा वर ओढलात ते मोजा. वरनं १५० मिलिमीटरची नळी, लाकडी मूठ, टार्गेटचे उंच साइट (नेम धरायच्या खुणा) जे शर्टात अडकणारच. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये सरळ आहे की सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे. एप्रिलच्या उकाड्यात ह्यावर काय घालणार, कांबळं?

तुमचा मित्र म्हणेल अमेरिकेत लोक असली पिस्तुलं लावून फिरतात. फिरतात की. ह्याच सिगचं पी २१० आहे, १९४९ साली स्विस फौजेनं घेतलेलं, ९ एमएम, स्टीलचं, ते कमरेला लावायचं का ह्यावर तिकडं पण लोक डोकं खाजवतात, आणि शेवटी कंपनीनं आखूड नळीचं वेगळं कॅरी मॉडेल काढलं म्हणजे बघा. आणि ९ एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं, तुमच्या लायसन्सवर चढणार नाही, तो विषयच सोडा.

बारा बोरचं बरं झालं विचारलात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं, आधी ३ होती. आबांची बंदूक चढली की तुमच्याकडं एकच जागा उरते. ती मॅचच्या पिस्तुलावर घालवली तर उद्या "हे कमरेला जड होतंय" म्हणून दुसरं घ्यायला जागा नाही. आणि स्विस माल आयात कसा झाला, कुठल्या परमिटवर, विकायला काय अटी, ते कागद बघितल्याशिवाय ॲडव्हान्सचा एक रुपया देऊ नका.

अजून एक, आपल्या भागातल्या लोकांना हे कळत नाही असं नाही, खरं विसरतात. लायसन्सवर एरिया लिहिलेला असतो. तुमचा कर्नाटकापुरता असेल तर चंदगड म्हणजे महाराष्ट्र, चोर्ला उतरलात की गोवा. आपल्याला सोयरीक, बाजार, जत्रा सगळं तिकडं, ती बॉर्डर आपण घरच्या उंबऱ्यासारखी ओलांडतो, पण पिस्तूल घेऊन ओलांडली की केस होते. ज्या रस्त्यासाठी घ्यायलात तोच रस्ता लायसन्सच्या बाहेर असला तर स्विस काय आणि कानपूर काय. हे आज संध्याकाळीच उघडून वाचा.

मग घ्यायचं काय? मला विचाराल तर कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, ६ राउंडचं, दिसायला काही खास नाही. हलकं पाहिजे तर कानपूरचंच निर्भीक रिव्हॉल्व्हर बघा, २०१४ ला आलं, टायटॅनियम अलॉयचं, ५०० ग्रॅमचं, किंमत थोडी चावते. उरलेल्या पैशात चांगलं होल्स्टर आणि रेंजची फी. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही. ते पिस्तूल फारच मनात भरलं असेल तर नेमबाजी सुरू करा, आपले नेमबाज जसपाल राणांनी २००६ च्या दोहा एशियाडला सेंटर फायरमध्ये ५९० मारून वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली होती, पी २४० त्याच खेळासाठी बनलेलं आहे, तिथं त्याचं चीज होईल. आणि रोकडीचं म्हणाल तर निम्मे व्यापारी आता पैसे खात्यावर घेतात, तेवढं केलात तरी कमरेवरचं ओझं कमी होईल.

प्रश्न : काका, वडिलांचं रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवलेलं, पावसाळ्यानंतर काढलं तर एका बाजूला तांबूस डाग. पॉलिश पेपरनं घासू काय?
– कणकुंबी

उत्तर : अजिबात नको. पेपर मारलात की वरचं ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर काळा थर) जाईल आणि पुढच्या पावसात दुप्पट गंजेल. आधी सिलिंडर उघडून रिकामं आहे का दोनदा बघा, मग गन ऑइल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जुन्या बनियनच्या कापडानं हळू पुसा. डाग उठला नाही तर लायसन्स असलेल्या गनस्मिथकडं न्या. चामडं तुमच्या तिकडच्या पावसात ओल धरून बसतं, त्यामुळं होल्स्टर वेगळं टांगा, हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळून कुलपात ठेवा, आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी एकदा काढून पुसा. इलेक्शनला जमा करायची वेळ आली तर देताना पण तेल लावूनच द्या, तिथं दोन-दोन महिने कोणी हात लावत नाही.