ग्राफाना एन्जिनएक्सच्या मागे लावताय? आधी हे बघा

भाऊ, ग्राफानाचा (सर्व्हरचे आकडे आलेखात दाखवणारं टूल) डॅशबोर्ड चालू झाला म्हणून लगेच राउटरवर त्याचा ३००० पोर्ट उघडू नकोस. बाहेरून फक्त ४४३ (एचटीटीपीएसचा पोर्ट) दिसला पाहिजे, बाकी सगळं एन्जिनएक्सच्या, म्हणजे बाहेरची विनंती आत पोचवणाऱ्या वेब सर्व्हरच्या, मागे. ग्राफानाला आकडे पुरवणाऱ्या प्रोमिथियसच्या ९०९० पोर्टला तर मुळात पासवर्डच नसतो, तो उघडा राहिला की तुझ्या सर्व्हरची सगळी कुंडली जगापुढे.

डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं टूल) वापरत असशील तर इथे नीट लक्ष दे. पोर्टच्या ओळीत नुसतं ३०००:३००० लिहिलंस तर यूएफडब्ल्यूने (लिनक्सची फायरवॉल) बंद केलेला पोर्टही डॉकर परस्पर उघडतो. म्हणून त्या आकड्यांच्या आधी १२७.०.०.१: (म्हणजे फक्त याच मशीनवरून) लावायचंच. मग दुसऱ्या नेटवर्कवरून, मोबाइलच्या डेटावरून, पोर्ट खरंच बंद आहे का ते तपास.

लॉगिन करताना ‘ओरिजिन नॉट अलाउड’ आलं तर ग्राफाना परत टाकत बसू नको. एन्जिनएक्स मूळ होस्ट हेडर (ब्राउझरने कोणता पत्ता उघडला ते सांगणारी नोंद) पुढे पाठवत नसतो, तो पाठवणारी एक ओळ त्याच्या सेटिंगमध्ये घाल. उपपत्त्यावर (डोमेनपुढे /grafana असा) चालवायचं तर ग्राफानातला रूट यूआरएलही बदलावा लागतो. मी तरी वेगळा सबडोमेनच घेतो, कटकट कमी. लाइव्ह पॅनेल हवे असतील तर वेबसॉकेटचे (सतत उघडं राहणारं कनेक्शन) अपग्रेड हेडरही लागतील.

आणि आपल्याकडे, जळगाव-भुसावळला, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. सीपीयूच्या तापमानाचा पॅनेल सगळ्यात वर ठेव, अलर्टसकट. फक्त लाइट गेली की सर्व्हरबरोबर अलर्टही झोपतो, म्हणून साइट चालू आहे का हे बघणारी एक तपासणी दुसरीकडच्या मशीनवर लाव.