वाचकांचे प्रश्न : शरीरसंस्थांचे पाठांतर का टिकत नाही?

प्रश्न : मी रुग्णसेवा साहाय्यकाच्या प्राथमिक व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. त्यात मानवी शरीराच्या अकरा संस्थांवर एक घटक आहे. प्रत्येक संस्थेतील अवयवांची नावे आणि कार्ये मी पाठ करते. पण पुढची संस्था सुरू झाली की मागची विसरते. शिवाय मला पुढे रुग्णाला उठवणे-बसवणे, भरवणे, नाडी मोजून नोंद करणे एवढेच करायचे आहे. त्यासाठी इतका तपशील खरोखर लागतो का?

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. पाठ्यपुस्तकात प्रत्येक संस्थेला स्वतंत्र प्रकरण असते, परंतु ती शिकवण्याची सोय आहे. शरीराचा कारभार तसा वाटून दिलेला नसतो. स्वादुपिंडाचेच पाहा. ते पाचक रस लहान आतड्यात सोडते आणि इन्शुलिन थेट रक्तात सोडते, त्यामुळे पचनसंस्थेच्या प्रकरणात ते भेटते आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या प्रकरणात पुन्हा भेटते. संस्था नेमक्या किती, याबाबतही पुस्तकांत एकवाक्यता नसते, कारण लसिका संस्था (ऊतींमधील जादा द्रव रक्तात परत नेणारी) आणि रोगप्रतिकार संस्था कोणी एकत्र मोजतात, कोणी वेगळ्या. परीक्षेपुरता आपल्या पुस्तकातला आकडा धरावा आणि पुढे जावे.

ज्या कामांसाठी एवढा तपशील कशाला, असे तुम्ही विचारता, तीच कामे हाताशी धरून हा घटक अभ्यासावा, असे मी सुचवेन. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला उभे करण्याचे काम घ्या. माणूस उभा राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते एक लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागातील आणि पायांतील नीलांमध्ये, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांमध्ये, उतरते. प्रौढ शरीरात एकूण रक्त साधारण ५ लिटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा वाटा केवढा मोठा आहे ते कळते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले की दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही, जे विश्रांतीच्या वेळी सुमारे ७० मिलिलिटर असते, कमी होते आणि रक्तदाब उतरू लागतो. मानेतील रोहिणींच्या (हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या वाहिन्यांच्या) आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतींत दाबाची जाणीव घेणारी चेतातंतूंची टोके असतात. त्यांच्याकडून खबर मिळताच मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातून, संदेश सुटतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि हे सारे काही सेकंदांत उरकते. पोटऱ्यांचे स्नायू आखडून नीलांवर दाब देतात, नीलांमधील झडपा वर चढलेले रक्त खाली घसरू देत नाहीत, आणि श्वास आत घेताना छातीतील दाब कमी झाल्याने तेच रक्त हृदयाकडे ओढले जाते. डोळे, अंतर्कर्ण आणि सांधे यांच्याकडून आलेल्या माहितीवर मेंदू तोल सांभाळतो. मूत्रपिंडे आणि त्यांच्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीदेखील पाणी व मीठ राखून रक्तदाबाला हातभार लावतात, मात्र त्यांचे काम सावकाश चालते.

एका उठण्यात किती प्रकरणे येऊन गेली ते मोजून पाहा. वृद्धांमध्ये, किंवा बरेच दिवस पडून असलेल्या रुग्णांमध्ये, ही साखळी मंदावलेली असते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरने किंवा खालचा १० मिलिमीटरने घसरला, तर ती घसरण वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी मानतात. म्हणूनच रुग्णाला आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटे बसवायचे, घोटे हलवायला सांगायचे, चक्कर येते का ते विचारायचे आणि मगच उभे करायचे, असे तुम्हाला शिकवतात. चेहरा पांढरा पडला किंवा घाम फुटला, तर लगेच पुन्हा आडवे करून परिचारिकेला कळवायचे. नियम तर कोणीही पाठ करील. पण रात्रभर जुलाब झालेल्या रुग्णाला उठवताना नेहमीपेक्षा जास्त सावध का राहावे, हे नियमात लिहिलेले नसले तरी तुम्हाला सुचले पाहिजे. रक्तवाहिन्यांतील द्रव आधीच घटलेला आहे, हे ज्याला माहीत आहे, त्याला ते सुचते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाबाबतही तेच.

भरवण्याचे कामही असेच उलगडता येईल. घशात हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे कूर्चेचे पातळ झाकण खाली येते आणि श्वास क्षणभर थांबतो. म्हणून रुग्णाला ताठ बसवावे, घास तोंडात असताना त्याच्याशी बोलू नये आणि एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. चुकून काही श्वासनलिकेत गेलेच, तर ते बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जाते, कारण उजवी शाखा डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ असते. अवयवांची नावे या ओघात येतील, आणि ती शिकावीच लागतील. त्यांच्याशिवाय तुम्हाला ना अहवाल देता येईल, ना उत्तरपत्रिका लिहिता येईल. नाडीचे दर मिनिटाला ६० ते १०० ठोके आणि श्वसनाचे १२ ते २० हे प्रौढांचे विश्रांतीतील आकडे मात्र सरळ पाठ करून टाका.

प्रश्न : रोहिणी शुद्ध रक्त वाहून नेतात आणि नीला अशुद्ध, असे आम्हाला शिकवले. पण त्याच पुस्तकातील आकृतीत फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी निळ्या रंगात आहे. छपाईची चूक समजावी काय?

उत्तर : आकृती बरोबर आहे, तुम्हाला सांगितलेली व्याख्या अपुरी आहे. हृदयापासून दूर नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे आणणारी ती नीला, मग आत ऑक्सिजन कमी असो वा जास्त. फुप्फुसाकडे जाणारे रक्त ऑक्सिजन घेण्यासाठीच जात असल्याने त्या रोहिणीत तो कमी असणार. गर्भाच्या नाळेतही असाच उलटा प्रकार दिसतो. निळा रंग ही केवळ आकृतीची खूण आहे, कोणत्याही माणसाचे रक्त निळे नसते. तुमच्या कामाच्या दृष्टीने दाबाचा फरक जास्त महत्त्वाचा आहे. रोहिणींची भिंत जाड व लवचीक असते आणि हृदयाचा प्रत्येक ठोका तिच्यात उमटतो, म्हणून नाडी रोहिणीवरच लागते. ती तर्जनी आणि मध्यमेने पाहावी. अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवत असल्यामुळे मोजणीत घोळ होतो. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण ६० सेकंद मोजावेत. मोठी रोहिणी कापली गेल्यास रक्त चिळकांड्यांनी उडते, नीलेतून ते संथ व सलग वाहते, हा प्रथमोपचाराच्या घटकातील मजकूरही याच भेदावर उभा आहे.

प्रश्न : माझी चित्रकला अगदीच वाईट आहे. आकृत्यांचे गुण हातचे जातील काय?

उत्तर : या पातळीवर सुबक चित्र कोणी मागत नाही. हृदयासाठी चार चौकोन, मध्ये एक पडदा, दोन्ही बाजूंच्या झडपा आणि रक्ताची दिशा दाखवणारे बाण एवढे अचूक असले की पुरे. मात्र आकृतीतील उजवी बाजू रुग्णाची असते, पाहणाऱ्याची नव्हे. उजवे अलिंद, म्हणजे हृदयाचा उजवीकडचा वरचा कप्पा, तुमच्या डाव्या हाताला येईल. नेमके तिथेच बहुतेकांचे गुण जातात.