ट्रेनिंगला गेलेल्या मुलाशी फोनवर बोलायचं तरी काय?

सैन्यात चार वर्षांसाठी भरतीची अग्निपथ योजना २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झाली, आणि पोरं अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला जायला लागल्यापासून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांचं एक वाक्य ठरलेलं आहे, "मॅडम, पोरगं फोनवर धड बोलतच नाही हो." इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले.

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलगा बेळगावला, मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला. ट्रेनिंग सहा-सात महिन्यांचं, फोन जमा केलेला, रविवारी मिळाला तर थोडा वेळ मिळणार आणि त्याच वेळात कपडे धुणं, बूट पॉलिश, केस कापणं सगळं उरकायचं. इकडे ताई रविवारी पहाटेपासून फोन हातातून सोडायच्या नाहीत, अंघोळीला गेल्या तरी धाकटीला फोन धरून दाराबाहेर उभं करायच्या. फोन यायचा, दोन-तीन मिनिटांत "हो, बरंय, ठेवतो" म्हणून संपायचा, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. "मारत्यात का हो त्याला तिथं? कायतरी लपवतोय बघा."

बरेच दिवस आम्ही त्यांच्या भीतीबद्दलच बोललो आणि ते गरजेचंही होतं. पण गाठ सुटली ती एका दुपारी. मी म्हटलं, ताई, मी तुमचा मुलगा, बूट पॉलिश करायचेत, थोड्या वेळात फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, आहे, लावा फोन. त्यांनी सुरू केलं, जेवलास का, काय होतं जेवायला, बारीक झालास का, पाय दुखतोय का अजून, उस्ताद (ट्रेनिंग देणारे) मारत्यात का, आवाज असा का येतोय, रडलास का? मी फक्त हो, नाही, बरंय. मग म्हटलं, आता तुम्ही तो व्हा. आणि मी त्यांचेच प्रश्न, त्यांच्याच कापऱ्या आवाजात, एकामागून एक विचारत गेले. दोन-तीनदा त्या "बरंय आई" म्हणाल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "बरंय गं आई, तू रडू नको ना."

एवढं बोलून थांबल्या. पदर तोंडाला लावला. मीही काही बोलले नाही, अशा वेळी बोलायचं नसतं हे इतक्या वर्षांत पक्कं झालंय. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मॅडम, हा तर मलाच सांभाळतोय की."

मला वाटतं सगळं त्यातच आलं. मूल लांब जातं ते घर जागेवर आहे या भरवशावर, आणि फोनवर त्याला तोच भरवसा हवा असतो. आपण प्रश्न विचारतो काळजीपोटीच, पण प्रत्येक प्रश्नागणिक आपली काळजी त्याच्या खांद्यावर जाते, दिवसभर रगडा खाऊन आलेल्या पोराच्या खांद्यावर. मग तो लवकर फोन ठेवतो. प्रेम कमी झालं म्हणून नाही, आईचं रडणं ऐकून लगेच फॉल-इनला उभं राहता येत नाही म्हणून.

ठरलं असं की प्रश्न एकच, बाकी घरची बातमी. पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं, म्हैस व्यायली, आजीनं खरवस केला आणि तुझ्या वाटणीचा शेजारच्या दोस्तानं खाल्ला. पोरगं हसलं! "त्याला कशाला दिला?" म्हणून भांडलं, आणि मग न विचारता स्वतःच सांगायला लागलं, टाचेला फोड आलेत, शेजारच्या बेडवरचा पोरगा रात्री घोरतो, उस्तादांनी काल शाबास म्हटलं. ताई हे सांगत होत्या तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्या फीनं मिळत नाही.

पत्राचंही सगळ्यांना सांगते. पोस्टात आंतरदेशीय पत्र अजून मिळतं, नाव, कंपनी, प्लाटून मुलानं सांगितलं तसंच लिहायचं. फोन संपतो, पत्र उशाखाली राहतं. या घरातले वडील फोनवर "हां, बोल" च्या पुढे कधी गेले नव्हते, त्यांनी पत्राच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या आणि मुलानं पुढच्या फोनला आधी त्यांनाच मागितलं.

आजी आजारी पडली तर सांगायचं का? सांगा, खरं आणि थोडक्यात, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. लपवलेलं दोस्ताकडून कळतंच आणि मग तो प्रत्येक "सगळं ठीक आहे" वर शंका घेतो. खूप गंभीर असेल तर सेंटरला कळवा, सुट्टीचं तिथले अधिकारी ठरवतात. चार वर्षांनी पुढं काय, कायम ठेवायच्या पंचवीस टक्क्यांत घेतील का, हा विषय रविवारच्या फोनवर अजिबात नको. अनोळखी नंबरवरून "मुलाला अपघात झालाय, पैसे पाठवा" आलं तर आधी सेंटरला फोन.

आणि तो स्वतःहून म्हणाला की झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, तर "मर्द हो" म्हणू नका, ऐका, आणि त्याच दिवशी सेंटरला कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात, आणि सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, २०२३ मध्ये वेगळा कक्षही सुरू झाला. हा नंबर आयांनीही वापरावा.

ट्रेनिंग संपताना शपथेची कसम परेड असते, तिला मात्र जमवून जाच, आईवडिलांना गौरव पदक लावतात तिथं. आणि पहिल्या सुट्टीत आल्या आल्या पाहुण्यांच्या घरोघर फिरवू नका हो त्याला, दोन दिवस नुसतं झोपू द्या.