भारतातील तिबेटी निर्वासितांना सरकारी योजनांचा लाभ मिळतो का?

होय, मिळतो, मात्र त्यासाठी परदेशी नागरिक म्हणून नोंदणी झाल्याचे प्रमाणपत्र जवळ असावे लागते आणि ते वेळोवेळी नूतनीकृत करून घ्यावे लागते. याचा आधार म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाचे 2014 चे तिबेटी पुनर्वसन धोरण. वसाहतींच्या जमिनीचा भाडेपट्टा 20 वर्षांसाठी करून द्यावा, रोजगार हमी, रेशन आणि घरकुलाच्या योजनांत या कुटुंबांना सामावून घ्यावे, पात्रता असलेल्यांना परिचारिका, शिक्षक, डॉक्टर, अभियंता किंवा सनदी लेखापाल म्हणून काम करू द्यावे, अशा सूचना त्यात राज्यांना दिलेल्या आहेत. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांना बाजारासाठी जागा द्यावी, असेही त्यात सुचवले आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळची नॉर्गेलिंग वसाहत या धोरणाच्या कक्षेत येते. अडचण एवढीच की हे धोरण म्हणजे कायदा नव्हे. भारताने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही, आणि जमीन हा राज्याचा विषय असल्याने भाडेपट्ट्यासारख्या बाबी राज्य सरकारच्या निर्णयावर अवलंबून राहतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी वसाहत अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात आपल्या राज्याचा आदेश पाहून घ्यावा.