ओढणी, घाम आणि परतीचा चढ

प्रश्न : ताई, मी धनकवडीत राहते, डेक्कनला विम्याच्या एका कार्यालयात कामाला आहे. वय ४३. स्कूटर आता लेक कॉलेजला नेते आणि बसचा काही नेम नसतो, म्हणून सायकलने जावं असं मनात आहे. घरचे म्हणतात, स्वारगेटच्या गर्दीत कुठे घुसतेस? शिवाय घामेघूम होऊन टेबलावर कसं बसायचं? सायकल कुठली घेऊ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सायकलचं नंतर बघू, आधी रस्ता ठरवा. घरच्यांची काळजी रास्त आहे, पण स्वारगेटला जायचंच कशाला? स्कूटरने सातारा रस्ता धरायची सवय असते, म्हणून सायकलनेही तोच धरायला हवा असं नाही. पद्मावतीपासून आत सहकारनगरात वळा. मित्रमंडळ चौक, दांडेकर पूल, शास्त्री रस्ता, की आलाच अलका चौक, पूल ओलांडला की डेक्कन. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर, सुरुवातीला पाऊण तास धरा. सातारा रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, आली तेव्हा कडेने सायकल ट्रॅकही झाले होते, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. रविवारी सकाळी लेकीला बरोबर घेऊन एक फेरी मारा, खड्डे कुठे आहेत ते तेव्हाच कळेल.

चालवताना बायका हमखास अंग चोरून अगदी कडेने जातात. तसं करू नका. कडेलाच वाळू, गटाराची झाकणं आणि उभ्या मोटारींची अचानक उघडणारी दारं असतात. दार सताड उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर सोडा. थांब्यावर उभ्या असलेल्या पीएमपीच्या बसच्या डावीकडून तर अजिबात घुसू नका, माणसं थेट अंगावर उतरतात.

ओढणी घरी ठेवा किंवा पिशवीत. पाठीमागे गाठ मारली तरी ती सुटते आणि चाकात जाते. सलवारीचा उजवा पाय रबराने बांधा, साखळी त्याच बाजूला असते.

घामाचं म्हणाल, तर सकाळी तुम्हाला बराचसा उतारच आहे. घाम येतो तो पाठीवरच्या सॅकमुळे. कॅरिअर बसवून घ्या आणि डबा-कपडे मागे टाका. पोचल्या पोचल्या कपडे बदलायची घाई नको. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, घाम थांबला की ओल्या नॅपकिनने अंग पुसा आणि मग बदला. नाहीतर दुसरा ड्रेसही भिजतो.

खरी परीक्षा संध्याकाळी. तोच उतार आता चढ होतो, तोही दमलेल्या अंगाने. म्हणून सायकल गिअरची हवी. सेकंडहँड चालेल, मागे सात गिअर पुरे. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. ऐन चढावर जोर लावून बदलला तर साखळी कुरकुरते, कधी उतरतेही. सीट अशी लावा की टाच पायडलवर ठेवली तर पाय खाली सरळ होईल. बहुतेक बायकांची सीट फारच खाली असते आणि मग गुडघे दुखतात.

पावसाळ्यासाठी दोन्ही मडगार्ड आणि मागे लाल दिवा लावा. साखळी फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल घाला. खोबरेल नको, धूळ धरतं.

घंटी जरूर बसवा. पण अलका चौकात तिला कुणी भीक घालत नाही. तिथे खणखणीत आवाजात "ओ काका!" म्हणायचं, लगेच वाट मिळते.