वाट विचारा : थंडीची सहल तिथी बघून ठरवा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही निपाणीचे. डिसेंबर-जानेवारीत चार दिवस मोकळे काढता येतील. मी, हे, अकरावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय 68, गुडघे दुखतात, पण घरी बसायची तयारी नाही. त्यांना गाणं हवं, तेही समोर बसून ऐकलेलं. मुलाला डोंगर हवा, मला समुद्र. गाडी घरची आहे. ह्यांचं म्हणणं गोव्याला जाऊ, पण तिथल्या रिसॉर्टमधलं गाणं सासूबाईंना रुचणार नाही. सगळ्यांचं जमेल असं काही सुचवाल का?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : गोवा पुढच्या खेपेला ठेवा. या वेळी आंबोलीवरून वेंगुर्ल्याला उतरा. आणि एक आग्रहाची विनंती : शनिवार-रविवार बघून तारीख धरू नका. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि तिथी बघा.

डोंगर आणि समुद्र तुमची वाट बघत थांबतात, गाणं थांबत नाही. त्याला दिवस आणि वेळ असते. म्हणून आधी गाणं ठरवायचं आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवायचं. सासूबाईंना जे हवंय ते थंडीत वेंगुर्ला-सावंतवाडी भागात गावोगावी असतं. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि पुढे थेट उन्हाळ्यापर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी अशा चालतात. जत्रा आली म्हणजे रात्री देवळापुढे दशावतार आलाच. या जत्रा इंग्रजी तारखेवर नाही, तिथीवर किंवा गावच्या रिवाजावर ठरतात. राहायची खोली ठरवताना फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा : "त्या दिवसांत जवळपास कुठली जत्रा आहे?" वेंगुर्ल्यातला कुणीही, मासळी विकणारी बाईसुद्धा, चार गावांची नावं सांगेल.

दशावतार म्हणजे नुसतं नाटक समजू नका. पेटी, मृदंग आणि झांज, एवढ्यावर रात्र निघते. वादक एका अंगाला बसतात. नट पद स्वतः गातो आणि पेटीवाला त्याच्या मागोमाग जातो. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि संवाद उभ्या-उभ्या रचले जातात. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, तेच राजाचं सिंहासन आणि तेच ऋषीचं आसन. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मग काळा संकासुर येतो. तो मालवणीत बोलायला लागला की पोरंसोरं जागी होतात. त्यानंतर मुख्य आख्यान. मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर ही मंडळांची नावं ऐकलीत तर सासूबाईंना नक्की घेऊन जा.

थोडं लवकर पोचा आणि नट रंगतात तिथे, कुणाला अडचण होणार नाही अशा बेताने, लांबून बघा. पेटाऱ्याच्या झाकणाला टेकवलेला वीतभर आरसा, त्यात बघून पन्नाशीचा एक माणूस भुवईची रेघ ओढत असतो. डाव्या हाताच्या तळव्यावर रंग कालवलेला. शेजारी घडी केलेलं नऊवारी लुगडं. थोड्या वेळाने तोच माणूस राणी होऊन बाहेर येतो आणि वरच्या सुरात पद उचलतो, तेव्हा देवळापुढच्या बायका मान डोलावतात. माझे वडील शहापूरच्या भजनी मंडळात पेटी धरायचे, त्यामुळे पेटीवाल्याच्या बोटांकडे बघायची मला लहानपणापासून सवय. दशावतारातल्या पेटीवाल्याएवढं सावध बसलेलं माणूस मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही. नट कुठल्या पट्टीत उचलेल, मध्येच थांबून संवाद म्हणेल की अजून एक आवर्तन घेईल, यातलं काहीच त्याला आधी ठाऊक नसतं.

खेळ रात्री उशिरा, पालखी फिरून झाल्यावर सुरू होतो आणि पहाटेपर्यंत जातो. सासूबाईंसाठी पाठ टेकायची घडीची खुर्ची गाडीत टाका, शाल आणि कानटोपी द्या. समुद्राजवळ थंडी कमी असली तरी मध्यरात्रीनंतर दंव पडतं. मोबाईलचा झगझगीत उजेड नटाच्या तोंडावर मारू नका, एवढं मुलाला सांगून ठेवा. जत्रेत खाजं मिळेल, आलं-गुळाचं. ते घ्याच.

आता समुद्राचं. भरती-ओहोटी तिथीवर चालते. किनाऱ्यावरचे लोक तोंडी हिशेब करतात : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक-दोन असंच मोजायचं. त्यानंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण फिरायला जायचं की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं. म्हणजे त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंत, पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आजूबाजूला, ओहोटी नेमकी संध्याकाळी चार ते सातच्या सुमारास येते. पाणी लांब मागे गेलेलं, वाळू ओली आणि घट्ट. दुखऱ्या गुडघ्यांना अशी वाळू सोसते. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र सासूबाईंना शंभर पावलंसुद्धा चालवू नका, तिथे पाय रुततो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. अष्टमीला गेलात तर संध्याकाळी पाणी वरपर्यंत चढलेलं असेल आणि चालायला उरेल ती हीच कोरडी वाळू.

म्हणून पौर्णिमेच्या आसपासचे चार दिवस पकडा. जत्रेतून परत येताना चांदणंही मिळेल.

पहिला दिवस : निपाणीहून गडहिंग्लज, आजरा करत दुपारपर्यंत आंबोली. संध्याकाळी हिरण्यकेशीला जा. वाट थोडकी आणि सरळ आहे, शेवटी गुहेतून पाणी बाहेर येतं आणि शेजारी देऊळ. हीच नदी खाली आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. बेळगावला जाता-येता तिच्या पुलावरून तुम्ही नेहमी जाता. मुलाला हे तिथे उभं राहून सांगा, भूगोलाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळेल. आंबोली सातशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे रात्री चांगलंच गारठतं, स्वेटर वरच ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे महादेवगड पॉइंटपर्यंत बापलेक चालत जाऊ देत, तुम्ही आणि सासूबाई मागून गाडीने या. डांबरी रस्ता आहे. पावसाळ्यातले धबधबे आता दिसणार नाहीत, पण खालचं कोकण थंडीतच स्वच्छ दिसतं.

सोपी वाट कशी ओळखायची हेही सांगते, कारण पुष्कळ लोक इथे फसतात. चढ किती ते विचारू नका, उतार कसा आहे ते विचारा. चढताना दम लागतो, तो बसलं की जातो. गुडघे दुखतात ते उतरताना, आणि सगळ्यात जास्त पायऱ्या उतरताना. म्हणून पारगड या वेळी नको. गड सुंदर आहे, तानाजी मालुसऱ्यांचे वंशज आजही तिथे राहतात, पण पायऱ्या आहेत. मुलाला मित्रांबरोबर नंतर पाठवा.

जत्रा दुसऱ्या रात्री बसवा, तिसऱ्या नको. दुसऱ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडीत मोती तलावाकाठी जेवा, चितार आळीत लाकडी खेळणी बघा आणि वेंगुर्ल्याला पोचून दुपारी सगळे झोपा. रात्री दशावतार. तिसरा दिवस उशिरा उठून मोकळा. चौथ्या दिवशी परतायचं असताना आदल्या रात्री जागरण झालं तर गाडी चालवणाऱ्याचा डोळा घाटात लागेल. मी हे जोर देऊन लिहितेय, कारण जत्रेवरून पहाटे थेट घाट चढणारी कुटुंबं दरवर्षी दिसतात.

तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याहून दक्षिणेला हळूहळू जा. मोचेमाडची खाडी, मग आरवलीचा वेतोबा. या देवाला नवसाची चामडी चपलं वाहतात, माणसाच्या मापाची नव्हेत, हातभर लांब. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपलं झिजतात, अशी श्रद्धा आहे. पुढे शिरोडा. 1930 साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरं अजून दिसतात. संध्याकाळी चारनंतर आरवलीचा सागरतीर्थ किनारा ते शिरोड्याची वेळागर असं ओल्या वाळूवरून चाला. कडेला सुरूची झाडं आहेत. सासूबाईंना जिथे थकवा वाटेल तिथे झाडाखाली बसवा आणि गाडी तिथेच बोलवा. गाडी वाळूत मात्र घालू नका. पौर्णिमेचं पाणी जितकं लांब जातं तितकंच वरही येतं. रेडीचा गणपती आणि तेरेखोलचा किल्ला वेळ उरला तर. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला या सहलीत कोंबू नका, त्याला वेगळे दोन दिवस हवेत, आणि नाताळच्या सुटीत तर होडीसाठी रांगेतच सकाळ जाते.

जत्रा जमलीच नाही तर डबलबारीची चौकशी करा. दोन भजनी बुवा समोरासमोर, एकाने गजरातून प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचं. पखवाज असा काही वाजतो की अकरावीतला मुलगाही मोबाईल खिशात ठेवेल.

प्रश्न : आम्ही तिघे कॉलेजमित्र, खानापूरचे. जानेवारीत मोटारसायकलींवर गोकर्णला जाऊन किनाऱ्या-किनाऱ्याने ट्रेक करायचा आहे. रात्री गाणी-बिणी असावीत. पैसे बेताचे.
— तिघे, खानापूर

उत्तर : जा की! लोंढा, रामनगर, जोयडा करत कारवारला उतरा, पण दिवसाउजेडी. रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जातो, तिथे वाटेत थांबून जेवणं मांडायची नाहीत. कारवारला सदाशिवगडावर थोडं चढा, काळी नदी समुद्राला मिळते ते वरून दिसतं.

गोकर्णात कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज असे किनारे एकापुढे एक आहेत आणि मधल्या टेकाडांवरून पायवाट जाते. चढ सोपा आहे, अडचण सावलीची. सकाळी सातला निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. ओमच्या पुढे वाट खडकांवरून जाते. वर निपाणीच्या ताईंना सांगितलेला भरतीचा हिशेब तुम्हीही करा. पाणी चढत असताना शेवाळलेल्या खडकांवर फोटोसाठी उतरायचं नाही. अंधार पडायच्या आत ओमला परत या. दुसऱ्या दिवशी मिरजानचा जांभ्या दगडाचा किल्ला बघा. गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. मग तदडीहून फेरीने अघनाशिनी ओलांडा. पैसे थोडे लागतात आणि खाडी पाण्यावरूनच बघावी अशी आहे.

गाण्यांसाठी शेकोटी आणि स्पीकर कशाला? यक्षगान बघा, म्हणजे कर्नाटकातलं रात्रीचं नाच-गाण्याचं नाटक. दिवाळीनंतर पाऊस लागेपर्यंत उत्तर कन्नड जिल्ह्यात खेळ चालू असतात. तुम्हाला कन्नड येतं, मग अर्धं काम झालंच. नवसाचा खेळ असेल तर तिकीट नसतं, कुणीही बसावं. भागवत म्हणजे मुख्य गायक, तो गातो, मद्दळे आणि चंडे ही चर्मवाद्यं साथीला. चंडे पहिल्यांदा कडाडली की अंगावर काटा येतो. होन्नावर तालुक्यातलं केरेमनेचं इडगुंजी मंडळ 1934 पासूनचं आहे, त्यांचा खेळ कुठे लागला असेल तर तीस-चाळीस किलोमीटर वाकडी वाट करा. आपल्या बाजूचा दशावतार आधी पाहिला असेल तर आणखी मजा येईल. तिथे नट स्वतः गातो, इथे भागवत गातो आणि नट त्या गाण्यावर नाचतो, मग बोलतो.

प्रश्न : कॅसलरॉकहून रुळांवरून चालत दूधसागरला जाता येईल का? पूर्वी लोक जायचे.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही. रुळांवरून चालायला रेल्वेची मनाई आहे आणि ती योग्य आहे, घाटात बोगदे आहेत आणि गाडी आली तर अंग चोरायला जागा नाही. कुळेहून रीतसर जीप जातात, किंवा लोंढ्याहून मडगावकडे जाणाऱ्या दिवसाच्या गाडीत बसा. 310 मीटरचा धबधबा खिडकीसमोरून जातो. पाणी डिसेंबरपर्यंत बरं असतं, फेब्रुवारीत धार बारीक होते. चालायचीच हौस असेल तर रविवारी सकाळी देवरवाडीच्या वैजनाथाला जा आणि तिथून वर महिपालगडावर. गडावर गाव नांदतं आहे, वाट चुकायची भीती नाही, आणि जेवायला दुपारी तुम्ही टिळकवाडीत परत याल.