शिक्षणासाठी नाटक वापरायची कल्पना कुठून आली? ती परदेशी आहे का?

अर्धी आपली, अर्धी बाहेरची.

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात ब्रह्मदेव चार वेदांतून सामग्री घेऊन पाचवा, नाट्यवेद रचतो. कारण? वेद ऐकायची मुभा शूद्रांना नव्हती आणि हा सगळ्या वर्णांसाठी हवा होता. लोकांना उपदेश मिळावा हा हेतूही तिथेच सांगितलाय. युरोपात सोळाव्या शतकापासून जेसुइट या कॅथलिक पंथाच्या शाळा मुलांकडून लॅटिन नाटकं बसवून घेत, भाषा आणि वक्तृत्व पक्कं व्हावं म्हणून.

मी मात्र आपल्याकडची खरी सुरुवात जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’पासून धरतो. साल 1855. मराठी रंगभूमीची सुरुवात मानल्या जाणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’ला जेमतेम बारा वर्षं झालेली. ग्रहांची भीती घालून जोशी एका कुणबी जोडप्याला लुबाडतो, विदूषक मधूनमधून त्याचं पितळ उघडं पाडतो आणि शेवटी नवराबायको रात्रशाळेत शिकायला निघतात. म्हणजे नाटकाचा विषयच शिक्षण! पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं, छापून यायला 1979 उजाडलं. पुढे फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे, म्हणजे गाणी-संवादांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम आले, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. तमाशाचा बाज ओळखीचा, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही मुद्दा नेमका कळायचा.

आज ज्याला ‘थिएटर इन एज्युकेशन’ म्हणतात ते इंग्लंडचं. 1965 मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरची मंडळी शाळांत जाऊ लागली. ते मुलांनाच प्रसंगात ओढायचे, निर्णय मुलांनी घ्यायचा. जलशात समोरचा ऐकतो, इथे तो भूमिकेत शिरतो. फरक मोठा आहे.

नागपुरात मी उन्हाळी शिबिरं घेतो (कूलरच्या आवाजात ओरडून ओरडून घसा बसतो, तो भाग वेगळा). त्यात कळमना बाजारातला संत्र्यांचा लिलाव हमखास असतो. अर्धी पोरं बागाईतदार, अर्धी अडत्ये (माल विकून देणारे दलाल). एकदा मृग बहाराची फळं तोडणीला आली असताना गारपीट झाली असं ठरवलं, तर एक पोरगी अडून बसली, “माल कमी झाला ना सर, मग भाव काहून पाडता?” मग डागी फळ, टिकाऊपणा, दुसरीकडून आलेला माल, सगळं निघालं. अडत्ये झालेली पोरं जाम घामाघूम.

गॅदरिंगला संवाद घोकून केलेल्या नाटुकल्या मी यात धरत नाही.